बहिणीची सही

दिवाळी अंक घरात आला की वार्षिक राशिभविष्याचे पान सगळेच वाचतात. फरक इतकाच, की कोणी ते उघड वाचतो आणि कोणी पाने उलटता उलटता, आपण वाचत नाही असे दाखवीत. मीही आज एक भविष्य सांगणार आहे. ते कोणा एका राशीचे नाही, सगळ्या घरांचे आहे, आणि पुष्कळांना ते रुचणार नाही. फराळाचे ताट पुढ्यात असताना असला विषय काढावा का, याचा मी विचार केला. पण हा विषय भाऊबीजेचाच आहे. दुसऱ्या कोणत्या सणाला काढू?

काही महिन्यांपूर्वी आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत वाद निघाला, की आपल्या समाजात यापुढची मोठी सुधारणा कोणती होईल? विज्ञानाचे गुरुजी म्हणाले, जातीबाहेरची लग्ने सरसकट होतील. गणिताच्या बाईंनी सांगितले, पुरुष रोज स्वयंपाक करू लागतील, आणि स्वतःच हसल्या. कोणी विचार करणाऱ्या यंत्रांविषयी बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "बहीण हक्कसोडपत्रावर सही करणार नाही." खोलीत एकदम शांतता झाली. आम्ही सहा पुरुष बसलो होतो. त्यातल्या पाचजणांच्या घरी पेटीत तसले पत्र होते. सहावा एकुलता एक होता.

शहरातल्या काही वाचकांना हा कागद ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. बाप गेला की वारसनोंद होते. तलाठ्याकडे अर्ज जातो, वारसांची नावे नोंदवहीत चढतात, फेरफार होतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर मुलगे, मुली, विधवा आई अशी सगळ्यांची नावे येतात. हे कायद्याने झाले. त्यानंतर जे होते ते रिवाजाने. चांगला दिवस पाहून बहिणींना बोलावतात, जेवू घालतात, आणि तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात. तिथे त्या लिहून देतात, की वडिलार्जित मिळकतीतला आपला हक्क आपण राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला भावाच्या नावे सोडत आहोत. अंगठ्याचा ठसा, छायाचित्र, सही. येताना साडी घेतात, आणि वाटेत उपाहारगृहात चहा होतो. बहिणीचे नाव सातबाऱ्यावरून निघून जाते आणि भाऊ म्हणतो, माझ्या बहिणी फार मायाळू आहेत.

पूर्वी याहूनही सोपी युक्ती होती. मुलीचे नाव मालकाच्या रकान्यात न लिहिता 'इतर हक्क' या रकान्यात लिहीत. त्याच रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, पाण्याची वाट असते. मुलगी म्हणजे जमिनीवरचा एक बोजा, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही पोथीत लिहिलेले मला आढळले नाही.

मी कायदेपंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि पोटापाण्याचा धंदा मुलांना मराठी शिकवण्याचा. कादंबऱ्या लिहितो ते रात्रीचे काम. पण या एका प्रश्नापुरता कायदा मी पाठ केला आहे, त्याचे कारण पुढे येईल. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीला वाटा ठेवला होता. ते बिल रखडले, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. त्या वेळी विरोधकांचे एक लाडके म्हणणे होते, की याने भावाबहिणीत वैर माजेल. १९५६ साली वारसाहक्काचा कायदा झाला, पण वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मुलग्यांचाच राहिला, आणि राहत्या घराची वाटणी मागण्याचीही मुलीला सोय नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना तो जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे जी आधीच परक्या घरी गेली ती गेलीच. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्याच मुलींना मुलग्यांइतका हक्क दिला. त्या दिवशी बाप जिवंत असला पाहिजे की नाही यावर पंधरा वर्षे कोर्टांत घोळ चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: हक्क जन्माने आहे, बाप तेव्हा होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही.

एवढे झाले, आणि गावात काय बदलले? हक्कसोडपत्रे वाढली. पूर्वी मुलीला हक्क नव्हता तेव्हा सोडायलाही काही नव्हते. आता आहे, म्हणून कागद करून घ्यावा लागतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत बाया चौदाच्या आसपास होत्या. खुरपणी, लावणी, वेचणी यांत त्या किती असतात ते कोणत्याही बांधावर उभे राहून मोजावे.

मग मी भविष्य कशाच्या जोरावर सांगतो? जुन्या सुधारणांच्या चालीवरून. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केले ते १८९३ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी, आणि तरीही मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलेच. फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा १८४८ साली काढली. आमच्या गावात मुलगी सातवी पास झाली ती माझी आत्या, आणि तेव्हा स्वातंत्र्य मिळूनही वीस वर्षे झाली होती. कायदा एका दिवसात होतो, पण त्याला घराचा उंबरा ओलांडायला दोन पिढ्या लागतात. पहिली पिढी म्हणते, हे आपल्यात चालत नाही. दुसरी म्हणते, चालत नाही खरे, पण आमच्या मुलीचे काय? २००५ च्या कायद्याची दुसरी पिढी आता माझ्या वर्गात बसते आहे.

आणखी एक कारण आहे, आणि ते मला फार मोठे वाटते. घरे लहान झाली. २०१९ ते २१ च्या पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले निघाली. माझ्या आजोबांच्या घरी चार मुलगे आणि तीन मुली होत्या. तिथे बहिणींचा विषय निघायच्या आत भावांचीच डोकी फुटत. आता एक मुलगा, एक मुलगी. कित्येक घरी मुलीच. ज्या बापाने दोन मुलींवरच संसार पुरा केला तो गृहस्थ आपल्या बहिणीची सही घेताना हात आखडत नाही, पण आपल्या मुलींची मिळकत त्यांच्याच नावे राहावी म्हणून वकिलाकडे खेटे घालतो. असे तीन बाप मला माहीत आहेत. त्यांना मी नावे ठेवत नाही. सुधारणा आपल्याकडे बहुधा याच दाराने येते. बहिणीसाठी जे सुचले नाही ते मुलीसाठी सुचते.

आता विरोधकांचे ऐकू. ते वाईट माणसे नाहीत, कारण काल-परवापर्यंत मी त्यांच्यातच होतो.

पहिले म्हणणे, जमिनीचे तुकडे होतील. हे इतक्या काळजीने सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावे आजवर जमीन अखंड होती. १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी वहितीचे क्षेत्र ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ झाले. या पंचेचाळीस वर्षांत बहुतेक बहिणींनी सह्या केलेल्याच होत्या. मग हे तुकडे कोणी केले? तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे. तो असताना भावाभावांनी बांध घातले, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, एका आंब्याच्या झाडाच्या फांद्या वाटल्याचेही मी पाहिले आहे. त्या वेळी शेतीशास्त्र कोणाला आठवले नाही. ते बहिणीचे नाव निघाल्यावरच आठवते.

दुसरे म्हणणे, तिला लग्नात दिले की! दिले, हे खरे. पण कोणाला दिले? हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, हे बाजूला ठेवू. तो रोख पैसा सासऱ्याच्या हाती गेला, दागिना अडीनडीला मोडला, भांडी कुंडी झिजली. तिच्या नावावर काय राहिले? आणि भावाच्या लग्नात काही खर्च झालाच नव्हता काय? त्याचा मांडव त्याच्या वाट्यातून वजा केल्याचे कोणी ऐकले आहे? घोड्यावर बसणे फुकट आणि बोहल्यावर उभे राहणे मात्र हिशेबात, असा हा जमाखर्च आहे.

तिसरे म्हणणे असे, की बहीण काही मागत नाही, मागतो तो जावई. यात तथ्य आहे. रस्त्यात, धरणात, कारखान्याच्या जागेत जमिनी गेल्या आणि मोबदल्याचे आकडे वर्तमानपत्रांत आले, की पंधरा वर्षे सासरवाडीची वाट विसरलेले जावई गाडी करून येतात. पण मला सांगा, जावई लोभी आहे म्हणून मुलीचा हक्क बुडवायचा, तर मुलगा व्यसनी आहे म्हणून त्याचा बुडवतो काय? त्याच्या तर नावावर जमीन करतो, जबाबदारी आली की सुधारेल म्हणून!

एक अडचण मात्र मी खरी मानतो, आणि सुधारकांनी तिच्याकडे काणाडोळा करू नये. बहिणीचे नाव सातबाऱ्यावर राहिले की पीककर्ज काढताना तिची संमती लागते. ती असते पिंपरीला किंवा भिवंडीला. दरसाल तिच्यामागे कागद घेऊन हिंडायचे, तिच्या नवऱ्याची मर्जी सांभाळायची, आणि तोवर पेरणीची वेळ टळायची. शेत कसणाऱ्या भावाचा हा त्रास काल्पनिक नव्हे. यावर उपाय आहे, तो कर्जाचे नियम करणाऱ्यांनी करावा. कसणाऱ्याला कर्ज आणि नाव असणाऱ्याला हक्क, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतील. पण वाण्याच्या तराजूत खोट आहे म्हणून आपण धान्य खाणे सोडत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता बँकेत नोकरीला आहे, तिने यातली वाट काढली. वडील गेल्यावर भावाने कागद पुढे केला. ती म्हणाली, "मला वाटणी नको, पण सहीही नको. तू कस, पीक तू घे. माझं नाव राहू दे." भाऊ आठ महिने बोलला नाही. नंतर बोलू लागला, कारण आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया निघाली आणि खर्चाला बहीण लागली. मी ज्याला पुढची सुधारणा म्हणतो ती बहुधा हीच असणार. मोर्चे नाहीत, खटले थोडे, बांध फोडणे क्वचित. बहीण एवढेच म्हणेल, की नाव राहू दे. त्याने भावाची एकच गोष्ट जाईल: तिला न विचारता जमीन विकण्याची मोकळीक. ती मोकळीक कित्येक घरांना दारूच्या गुत्त्यापर्यंत घेऊन गेली आहे, हे कोणत्याही गावाला विचारावे.

अशा गोष्टींची आपल्याकडे अगदीच सुरुवात नव्हती असे नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला बायांचा जो लोट आला होता, त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, आणि शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमिनी केल्या. पण लक्षात घ्या, बायकोच्या नावे. बायकोच्या नावे केलेली जमीन घरातच राहते, फिरून मुलाकडेच येते. बहिणीची तशी नाही. म्हणून बायकोला देणारे निघाले आणि बहिणीला देणारे अजून निघायचे आहेत. २०२४ साली सरकारने 'लाडकी बहीण' म्हणून दरमहा दीड हजार रुपयांची योजना काढली, तेव्हा आमच्या पारावर भावांनी फार आनंदाने तिची चर्चा केली. साहजिकच आहे. दुसऱ्याच्या खिशातून घातलेली ओवाळणी कोणाला जड होते?

आता कायदा पाठ करण्याचे कारण.

माझे वडील २०११ साली गेले. साडेतीन एकर जमीन, एक विहीर, मी आणि दोन बहिणी. आक्का मोठी, दुसरी धाकटी. कायद्याने आम्हा तिघांचा हक्क सारखा, आईचाही त्यात होताच. त्या वर्षी भाऊबीजेला दोघी आल्या. ओवाळले. मी प्रत्येकीला साडी दिली, आणि कचेऱ्या उघडल्या त्या पहिल्या दिवशी गाडी करून तिघींना तालुक्याला नेले. आईने अंगठा उठवला. आक्काने लेखणी हातात घेतली आणि मला विचारले, "दादा, यात काय लिहिलंय रे?" मी म्हणालो, "काही नाही, नेहमीचंच."

वाचकहो, मी मराठीचा शिक्षक आहे. उतारा नीट वाचा, मग उत्तर लिहा, हे मी रोज सात तासिका ओरडून सांगतो. तो कागद दोन पानांचा होता. मोठ्याने वाचायला चार मिनिटे लागली असती.

चौदा वर्षे तो पेटीत राहिला. गेल्या वर्षी मुलीच्या प्रवेशासाठी जुने दाखले शोधताना तो तिच्या हाती लागला. तिने तो पूर्ण वाचला, 'राजीखुशीने' या शब्दाशी थांबली आणि छायाचित्रे पाहत राहिली. आक्का त्यात हसलेली नाही. मुलीने मला काही विचारले नाही. तिने भ्रमणध्वनीवर आमच्या गटाचा सातबारा काढला, तोही वाचला, आणि मग एवढेच म्हणाली, "पप्पा, मी पण सही करायची असेल ना?" तिला धाकटा भाऊ आहे.

त्या रात्री मी आक्काला फोन केला. तिचा अर्धा वाटा तरी परत तिच्या नावे करतो म्हणालो. (अर्धा का म्हणालो, हे मला अजून उमगलेले नाही. लोभ हा असा जिभेच्या टोकाशी बसलेला असतो.) ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आणि मी घेतलं, तर दिवाळीला बोलावशील ना?"

माहेराची सगळी गोम या प्रश्नात आहे, आणि तिच्यावर कोणताही कायदा चालत नाही. बहिणी सह्या करतात त्या मायेने करतात असे आपण सांगतो. त्यांनी मला सांगितले ते वेगळे आहे. सासरी उद्या काही झाले, नवरा गेला, मुलाने हाकलले, तर जिथे जाऊन चार दिवस पडता येईल असे एक दार त्यांना शिल्लक ठेवायचे असते. त्या दाराचे भाडे म्हणून त्या जमीन देतात. पूर्ण जमीन, एकदाच, आगाऊ. आणि दार उघडेलच याची लेखी हमी मात्र त्या कागदात कुठेही नसते. मी तो आता पुष्कळदा वाचला आहे.

सगळे सरळ होईल असे मात्र कोणी समजू नये. बहिणी सही देईनाशा झाल्या की बाप जिवंतपणीच मृत्युपत्रे करून स्वतःच्या कमाईचे सगळे मुलाच्या नावे लिहू लागतील. काहींनी सुरुवातही केली आहे. मुलीला जे द्यायचे नाही ते न देण्याचा मार्ग आपला समाज नेहमी कागदोपत्री आणि नीटस शोधतो. परंतु मृत्युपत्र बापाला स्वतःच्या हाताने लिहावे लागते, मुलीचे नाव मनात आणून ते वगळावे लागते. हक्कसोडपत्रात ते काम बहिणीकडूनच करून घेता येत होते. एवढा फरक पडला तरी मला तो थोडा वाटत नाही.

मी निबंधकाच्या कचेरीत जाऊन चौकशी केली. सोडलेला हक्क असाच परत देता येत नाही. बहिणीला बक्षीसपत्र करावे लागते, आणि त्यावर मुद्रांक पडतो तो बाजारभावाच्या शेकडा हिशेबाने. घेताना काही शे रुपयांच्या आत काम झाले होते. कारकुनाने दोनदा विचारले, "गुरुजी, बायकोच्या नावे ना?" मी म्हणालो, बहिणीच्या. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि शेजारच्यालाही पाहायला सांगितले.

पत्नीने हिशेब केला. मुद्रांकाचे पैसे दोन हप्त्यांत उभे राहतील. तिने आणखी एक गोष्ट विचारली, ती मी इथे लिहितो, कारण ती या विषयातलीच आहे. तिच्या माहेरी सही द्यायला तिला येत्या मार्गशीर्षात बोलावले आहे. जाऊ की नको, असे तिने विचारलेले नाही. जाणार नाही, असे तिने भावाला कळवून टाकले, आणि मला नंतर सांगितले.

आक्का हो म्हणाली आहे, पण पूर्ण वाटा घेईन, अर्धा नको, असे म्हणाली. धाकटी अजून काही बोललेली नाही. भाऊबीजेला येते म्हणून निरोप आहे.